संख्यांचे सण आणि तारखेचे लेखन

१

सणाला तिथी लागते आणि तिथीला काही कारण लागते. हे कारण कधी ऋतूचे संक्रमण असते, कधी एखाद्या थोर पुरुषाचा जन्म वा मृत्यू असतो, तर कधी राष्ट्राच्या जीवनातील एखादी घटना असते. गेल्या चार-साडेचार दशकांत मात्र सणांचा एक वेगळाच वर्ग उदयास आला आहे. त्याच्या मुळाशी ऋतू नाही, व्यक्ती नाही आणि घटनाही नाही. तारीख अंकांत लिहिली असता ती एखाद्या प्रसिद्ध गणिती संख्येसारखी दिसते, एवढेच त्याचे निमित्त होय. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर दाखविणारी 'पाय' ही संख्या ३.१४ पासून सुरू होते, म्हणून १४ मार्च हा पाय-दिन. रसायनशास्त्रातील अव्होगाड्रो-संख्येत दहाचा तेविसावा घात येतो, म्हणून २३ ऑक्टोबर हा मोल-दिन. अशी उदाहरणे आणखीही देता येतील.

हा सारा विनोदाचा मामला आहे आणि तो साजरा करणारेही विनोद म्हणूनच तो साजरा करतात. तथापि विनोद असला तरी त्याला इतिहास असतो, आणि या विनोदाचा इतिहास गणितापेक्षा भाषेच्या व लेखनाच्या इतिहासात अधिक सापडतो. संख्या सर्वांची एकच आहे. पण तारीख लिहिण्याच्या पद्धती अनेक आहेत. त्यामुळे एकाच संख्येचा सण एका देशात वसंतात येतो, दुसऱ्या देशात पावसाळ्यात येतो, आणि काही पद्धतींत तो मुळी येतच नाही. हे असे का घडते, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

२

पाय-दिनाचा आरंभ निश्चितपणे सांगता येतो. सान फ्रान्सिस्को येथील 'एक्सप्लोरेटोरियम' हे विज्ञानसंग्रहालय भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपेनहायमर यांनी १९६९ साली स्थापन केले. वस्तू हाताळून विज्ञान शिकावे, हे त्याचे ब्रीद. ओपेनहायमर १९८५ साली निवर्तले. त्यानंतर तीन वर्षांनी, १४ मार्च १९८८ रोजी, तेथेच काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ लॅरी शॉ यांनी सहकाऱ्यांना सोबत घेऊन हा दिवस प्रथम साजरा केला. चहा आणि 'पाय' नावाचा, फळांचे सारण भरून भट्टीत भाजलेला गोल पदार्थ, एवढीच त्या पहिल्या सणाची सामग्री होती. वेळ दुपारी १ वाजून ५९ मिनिटांची, कारण ३.१४ नंतरचे अंक १५९ हे आहेत. पुढे संग्रहालयात पितळेची एक गोल तबकडी बसविण्यात आली आणि तिच्याभोवती फेर धरण्याची प्रथा पडली. वर्तुळाच्या देवतेला प्रदक्षिणा हाच उपचार शोभावा, हे ओघानेच आले. अल्बर्ट आइन्स्टाइन यांचा जन्म १४ मार्च १८७९ चा, हा योगायोगही लवकरच ध्यानात आला आणि सणाला जयंतीची जोड मिळाली. शॉ २०१७ साली निवर्तले, तोवर हा सण अनेक देशांतील शाळा-महाविद्यालयांत रूढ झालेला होता.

या सणाचा अर्धा प्राण श्लेषात आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. ग्रीक वर्णाचा उच्चार मूळ भाषेत 'पी' असा आहे. इंग्रजीत तो 'पाय' असा होतो, म्हणूनच तो खाद्यपदार्थाच्या नावाशी जुळतो. जर्मन वा फ्रेंच भाषिकाला हा श्लेष आपल्या भाषेत साधत नाही. त्याला तो इंग्रजीतून उसना घ्यावा लागतो. मराठीत शालेय गणिताने इंग्रजी उच्चारच स्वीकारला असल्याने ती संख्या आणि शरीराचा पाय यांचा एक नवाच श्लेष निर्माण झाला आहे. पदार्थाशी श्लेष साधावयाचा तर मराठीला दुसरी, अधिक चांगली सोय आहे. संस्कृत 'पाद' शब्दापासून आलेला 'पाव' म्हणजे चतुर्थांश आणि पोर्तुगीज भाषेतून आलेला 'पाव' म्हणजे भट्टीतील रोटी, हे दोन शब्द उच्चारात एकरूप झाले आहेत. एक चतुर्थांशाचा सण मराठीत कधी निघालाच, तर त्याचा नैवेद्य आधीच ठरलेला आहे.

३

१४ मार्चला ३.१४ असे वाचता यावे, यासाठी चार स्वतंत्र संकेत एकत्र यावे लागले. त्यांचा कालानुक्रम पाहणे उद्बोधक ठरते.

पहिला संकेत पंचांगाचा. आज जगभर व्यवहारात असलेले ग्रेगरी पंचांग १५८२ साली प्रसृत झाले. इंग्लंड व त्याच्या अमेरिकेतील वसाहतींनी ते १७५२ साली स्वीकारले; रशियाने १९१८ साली. आइन्स्टाइन ज्या दिवशी जन्मले त्या दिवशी रशियातील भिंतीवर २ मार्च ही तारीख होती.

दुसरा संकेत दशांश अपूर्णांकांचा. युरोपात त्यांचा पद्धतशीर पुरस्कार सायमन स्टेव्हिन याने १५८५ सालच्या आपल्या छोट्या पुस्तकात केला. त्यापूर्वी तेथे या गुणोत्तराची किंमत सामान्यतः अंश-छेदाच्या रूपात सांगत. अशा रूपाला '३.१४' हा चेहराच नव्हता.

तिसरा संकेत चिन्हाचा. वेल्समध्ये जन्मलेल्या विल्यम जोन्स याने १७०६ साली या गुणोत्तरासाठी ग्रीक 'पी' हा वर्ण योजला आणि ऑयलरने तो आपल्या ग्रंथांतून सर्वमान्य केला. परीघ या अर्थाच्या 'पेरिफेरेया' या ग्रीक शब्दाचे ते आद्याक्षर आहे. भाषेच्या अभ्यासकाला येथे थोडे थांबावेसे वाटेल. ग्रीक 'पेरि' आणि संस्कृत 'परि' हे उपसर्ग एकाच मूळ शब्दाची दोन रूपे आहेत. आर्यभटाने वापरलेला 'परिणाह', भास्कराचार्यांचा 'परिधि' आणि मराठी पाठ्यपुस्तकांतील 'परीघ' हे तिन्ही शब्द त्याच उपसर्गाने सुरू होतात. आपल्याकडील एखाद्या गणितज्ञाने या संख्येसाठी आद्याक्षर निवडले असते, तर त्यानेही 'प' हाच वर्ण निवडला असता.

चौथा संकेत तारखेतील क्रमाचा. आणि पाय-दिनाचे सारे भवितव्य याच्यावर अवलंबून आहे. अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस लिहितात, म्हणून १४ मार्च ही तारीख तेथे ३/१४ अशी होते. इंग्रजी बोलण्यात दोन्ही क्रम जुने आहेत. स्वतः अमेरिकन लोकही आपल्या स्वातंत्र्यदिनाला 'फोर्थ ऑफ जुलै' असेच म्हणतात. अमेरिकेने अंकलेखनात महिना आधी ठेवण्याचा प्रघात कायम केला, तर ब्रिटन व त्याच्या प्रभावाखालील देशांत दिवस आधी लिहिण्याचा प्रघात स्थिर झाला. तिरक्या रेघेला दशांशचिन्ह मानणे ही शेवटची सूट वाचकाने विनोदबुद्धीने द्यावयाची असते.

४

दिवस आधी लिहिणाऱ्या देशांची अडचण मोठी मौजेची आहे. त्यांच्या पद्धतीत ३/१४ म्हणजे चौदाव्या महिन्याची तीन तारीख. असा महिना नाही. अंकांची फोड बदलून ३१/४ करावे, तर एप्रिल तीस दिवसांतच संपतो. दशांश रूपातील पायला या पद्धतीच्या पंचांगात जागाच नाही.

पण याच पद्धतीत २२ जुलै ही तारीख २२/७ अशी लिहिली जाते आणि येथे तिरक्या रेघेला कोणतीही सूट द्यावी लागत नाही. ती भागाकाराचीच रेघ असते. बावीस सप्तमांश ही किंमत आर्किमिडीजने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात वरची मर्यादा म्हणून सिद्ध केली. म्हणून २२ जुलै हा 'पाय-आसन्नता-दिन' मानला जातो. आसन्नतेचे नाव २२ जुलैच्या वाट्याला आले आणि जणू खरेपणाचा मान १४ मार्चला मिळाला, ही वाटणी मात्र न्याय्य नाही. ३.१४ ही संख्या खऱ्या किमतीपेक्षा सुमारे ०.००१५९ ने कमी आहे. २२/७ ही सुमारे ०.००१२६ ने जास्त आहे. आसन्न दोन्ही आहेत, पण सत्याच्या अधिक जवळ २२ जुलै आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या अपूर्णांकाला विशेष महत्त्व आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती'त परिधी काढण्याच्या दोन रीती दिल्या आहेत. ३९२७/१२५० हे गुणोत्तर सूक्ष्म, आणि २२/७ हे स्थूल, परंतु व्यवहाराला योग्य. दोन किमतींना दोन वेगळी विशेषणे देऊन त्यांच्या उपयोगाचे क्षेत्र स्पष्ट करणे, ही शास्त्रीय परिभाषेची शिस्त होय. पहिली किंमत दशांशात नेमकी ३.१४१६ भरते. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास दिलेल्या ६२८३२/२०००० या गुणोत्तराचीही किंमत तीच आहे. १४ मार्च २०१६ ही तारीख अमेरिकन पद्धतीने ३/१४/१६ अशी लिहिली गेली. तेव्हा तेथील उत्सवकर्त्यांनी चौथ्या दशांश स्थळापर्यंत योग्य ती पूर्णता साधली म्हणून तो दिवस गौरविला. वस्तुतः त्या दिवशी त्यांच्या नकळत आर्यभटाचे आणि भास्कराचार्यांचेच गुणोत्तर पंचांगावर उमटले होते.

५

पाय-दिनाच्या यशानंतर या कुळाचा विस्तार झाला. या साऱ्या दिवसांची वर्गवारी करावयाची झाल्यास क्रमावर अवलंबून असणारे आणि क्रमनिरपेक्ष, असे दोन गट पाडणे सोयीचे होईल.

पहिल्या गटात १४ मार्च येतो. २०१५ साली त्याला असाधारण महत्त्व आले. त्या दिवशी ९ वाजून २६ मिनिटे ५३ सेकंदांनी महिना, दिवस, दोन अंकी वर्ष आणि वेळ यांतून पायचे पहिले दहा अंक सलग वाचता आले. २८ जून हा 'टाउ-दिन' याच गटातला आहे. परीघाची तुलना व्यासाशी न करता त्रिज्येशी करावी आणि ६.२८ हीच संख्या मूलभूत मानावी, असा पक्ष बॉब पॅले यांनी २००१ साली मांडला. मायकेल हार्टल यांनी २८ जून २०१० रोजी त्या पक्षाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. येथे सणाच्या आडून खरा गणिती वाद चालला आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने २०१२ साली प्रवेशाचे निर्णय १४ मार्चलाच, पण सायंकाळी ६ वाजून २८ मिनिटांनी जाहीर करून दोन्ही पक्षांचा मान राखला. २३ नोव्हेंबर हा फिबोनाची-दिनही याच गटातला, कारण ११/२३ मध्ये १, १, २, ३ हे त्या श्रेणीचे आरंभीचे अंक येतात.

क्वचित दोन्ही पद्धतींना एकाच वर्षी आपापला वाटा मिळतो. २०१८ हे तसे वर्ष होते. नैसर्गिक लॉगरिदमचा पाया असलेली संख्या २.७१८ पासून सुरू होते. २/७/१८ ही तारीख अमेरिकेत ७ फेब्रुवारीला आली आणि भारतात २ जुलैला. सुवर्ण गुणोत्तर १.६१८ पासून सुरू होते. १/६/१८ ही तारीख तेथे ६ जानेवारीला आली आणि येथे १ जूनला. तारखेची अक्षरे तीच राहिली, पण त्यांनी दर्शविलेला दिवस बदलला. लिखित खूण आणि तिचा अर्थ यांचे नाते संकेताचे असते, हे भाषाशास्त्राचे पहिले सूत्र समजावून देण्यास याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण.

दुसऱ्या गटातील दिवसांना हा वाद शिवत नाही. कॅलिफोर्नियातील रेडवुड सिटी येथील शिक्षक रॉन गॉर्डन यांनी ९ सप्टेंबर १९८१ रोजी 'वर्गमूळ-दिन' सुरू केला. म्हणजे पाय-दिनाहून हा वयाने वडील आहे. दिवस आणि महिना सारखे असून त्यांचा गुणाकार वर्षाच्या शेवटच्या दोन अंकांइतका असावा, ही त्याची अट. असे दिवस शतकात नऊच येतात आणि त्यांच्यामधील अंतर ३, ५, ७, ९ वर्षे असे विषम संख्यांनी वाढत जाते. कारण लागोपाठच्या वर्गांतील फरक विषम संख्याच असतात. ५ मे २०२५ नंतरचा असा दिवस ६ जून २०३६ आहे. येथे सणांची तिथीच गणिताचा एक सिद्धांत शिकवून जाते. २४ जुलै २०२५ ही तारीखही क्रमनिरपेक्ष होती. ७ आणि २४ यांच्या वर्गांची बेरीज २५ च्या वर्गाइतकी होते. महिना आधी लिहा वा दिवस आधी लिहा, पायथागोरसच्या त्रिकोणाच्या बाजू बदलत नाहीत.

६

तारीख आणि संख्या यांच्याशी खेळण्याची हौस भारतालाही जुनीच आहे, परंतु तिची दिशा उलट आहे. नव्या सणांत तारखेतून संख्या शोधतात. आपल्या जुन्या ग्रंथांत आणि शिलालेखांत तारखेची संख्याच शब्दांत दडवीत. भूतसंख्या पद्धतीत चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, अशी योजना असे आणि अंक उजवीकडून डावीकडे वाचीत. कटपयादी पद्धतीत व्यंजनांनाच अंकमूल्ये दिलेली असत. मेल्पत्तूर नारायण भट्टतिरी यांच्या 'नारायणीय' स्तोत्राच्या शेवटी येणारे आशीर्वादाचे शब्द कटपयादी रीतीने वाचले असता १७१२२१० ही संख्या निघते. कलियुगाच्या आरंभापासून ग्रंथसमाप्तीपर्यंतचे ते दिवस असून त्यावरून इ.स. १५८६ हे वर्ष मिळते. आशीर्वाद आणि तारीख तेथे एकाच शब्दात नांदतात.

क्रमाच्या बाबतीतही परंपरेची साक्ष पाहण्यासारखी आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा शिलालेख आहे. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून तो मठ स्थापन झाला होता. लेख संस्कृतात असून शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. त्यातील कालनिर्देश आधी शके ११२८, मग संवत्सर, मग श्रावण मास, मग पौर्णिमा, असा उतरत्या क्रमाने आहे. 'चैत्र शुद्ध प्रतिपदा' म्हणताना मराठी माणूस आजही महिना आधीच उच्चारतो. उलट, मराठी दप्तरांतील मोडी कागदांत मुसलमानी महिन्यांची तारीख 'छ' या खुणेनंतर आधी चंद्र आणि मग महिना अशी लिहीत. एकाच कारकुनाच्या हातून दोन्ही क्रम सहज लिहिले जात होते. यावरून दिवस आधी लिहिणे हे भारतीय प्रकृतीचे आणि महिना आधी लिहिणे हे परकीय, असे म्हणण्यास आधार उरत नाही. योगायोग असा की, वर्ष, महिना, दिवस या उतरत्या क्रमाचा पुरस्कार करणारे 'आयएसओ ८६०१' हे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९८८ साली, म्हणजे पाय-दिनाच्या जन्मवर्षीच, प्रथम प्रसिद्ध झाले. त्या प्रमाणाने लिहिले तरी ०३-१४ हा क्रम कायम राहतो.

२२ मार्च १९५७ पासून भारत सरकारने स्वीकारलेल्या राष्ट्रीय शक पंचांगात हेच गणित मांडून पाहिले, तर निराळीच उत्तरे येतात. तिसऱ्या महिन्याचा, ज्येष्ठाचा, चौदावा दिवस म्हणजे ४ जून. आणि सातव्या महिन्याचा, आश्विनाचा, बाविसावा दिवस म्हणजे १४ ऑक्टोबर. पंचांग बदलताच संख्येचा सणही मुक्काम बदलतो.

७

विनोदाला राजमान्यता मिळाली की त्याचे स्वरूप बदलते. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने १२ मार्च २००९ रोजी पाय-दिनाला पाठिंबा देणारा ठराव ३९१ विरुद्ध १० मतांनी संमत केला. याच देशातील इंडियाना राज्याच्या कनिष्ठ सभागृहाने १८९७ साली वर्तुळाच्या चौरसीकरणाचा दावा करणारे एक विधेयक ६७ विरुद्ध ० मतांनी मंजूर केले होते. त्यातून पायची किंमत ३.२ अशी निघत होती. गणिताचे प्राध्यापक सी. ए. वॉल्डो त्या वेळी विधिमंडळात योगायोगाने उपस्थित होते. त्यांनी सिनेटच्या सदस्यांना सावध केले आणि विधेयक बेमुदत तहकूब झाले. पहिल्या प्रसंगी लोकप्रतिनिधी संख्येला आज्ञा करण्यास निघाले होते. दुसऱ्या प्रसंगी त्यांनी तिच्यासाठी दिवस राखून ठेवला. शंभराहून अधिक वर्षांत झालेली ही प्रगती लहान नव्हे.

त्यानंतर नोव्हेंबर २०१९ मध्ये युनेस्कोच्या चाळिसाव्या महासभेने १४ मार्च हा आंतरराष्ट्रीय गणित दिन म्हणून घोषित केला आणि २०२० पासून तो पाळला जाऊ लागला. येथे एक प्रश्न गंभीरपणे उपस्थित होतो. जी तारीख केवळ काही देशांच्या लेखनपद्धतीत आणि एका भाषेच्या श्लेषात अर्थपूर्ण आहे, ती साऱ्या जगाची कशी व्हावी? जगातील बहुतेक विद्यार्थी आपल्या वहीवर ती तारीख ज्या क्रमाने लिहितात, त्या क्रमात ३.१४ कोठेच दिसत नाही. गणित सार्वत्रिक आहे, असे सांगण्यासाठी निवडलेली खूणच स्थानिक आहे. भारताने स्वतःचा राष्ट्रीय गणित दिन २२ डिसेंबरला, म्हणजे श्रीनिवास रामानुजन यांच्या जयंतीला, २०१२ सालापासून ठेवला आहे. जयंतीला लेखनक्रमाची बाधा होत नाही. परंतु जयंतीही कोणा एका देशाचीच असते.

यावरून युनेस्कोची निवड चुकली, असा निष्कर्ष काढणे उचित होणार नाही. जो दिवस शाळाशाळांतून आपोआप रुजला होता, तोच तिने उचलला. विश्वाला समान अशी तारीख निवडणे कोणालाच शक्य नव्हते. कारण तारीख ही भाषेची वस्तू आहे आणि भाषा नेहमी कोणाची तरी असते. मागणी करावयाचीच तर ती एवढीच, की सण साजरा करताना हा संकेत झाकून ठेवू नये. १४ मार्चला ३.१४ का म्हणतात, आपल्या वहीवर ते का दिसत नाही, २२ जुलैला ते का दिसते आणि दोहोंपैकी खरे कोणते, हे प्रश्न वर्गात विचारले गेले, तर त्या एका तासात विद्यार्थ्याला पंचांग, लिपी आणि गणित या तिन्हींचा परिचय होईल.

दोहोंपैकी खरे कोणतेच नाही, हे त्या तासाचे शेवटचे उत्तर होय. ही संख्या अपरिमेय आहे, हे लाम्बेर्टने १७६१ साली सिद्ध केले; ती बीजातीत आहे, हे लिंडेमानने १८८२ साली. कोणत्याही तारखेत, कितीही सेकंद मोजले तरी, ती मावणार नाही. आर्यभटाने आपली किंमत देताना तिला 'आसन्न' म्हटले, म्हणजे जवळ जाणारी. खरी किंमत सोडून आसन्न किंमत का दिली, असा प्रश्न त्याच्या ग्रंथावरील भाष्यात नीलकंठ सोमयाजींनी उपस्थित केला आणि व्यास व परिधी एकाच मापाने निःशेष मोजता येत नाहीत, हे त्याचे कारण सांगितले. संख्यांच्या साऱ्या सणांना हाच शब्द लागू पडतो. ते आसन्न आहेत, आणि आसन्न आहोत हे त्यांनी विसरू नये.